गाण्यातली खूण कोणी ठेवली?

गाण्यात पंथाची खूण असते, हे मला कोणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. बोरगाव मेघेच्या महिला भजनी मंडळात मी खंजिरी वाजवते. आमच्याकडे भजनाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं, आणि ते ऐकलं की तुकोबा, नाथ, कबीर की आमचे तुकडोजी महाराज, हे बसल्या जागी कळतं. नाथांच्या भारुडातला विंचू हा खरा विंचू नव्हे, तो काम-क्रोध आहे, हे आमच्या मंडळातल्या निरक्षर बाईलाही ठाऊक असतं. म्हणून भाचीनं जेव्हा सांगितलं, की विलायती गाण्यांमध्ये कुठल्याशा पंथाच्या खुणा दडवलेल्या असतात, तेव्हा त्या खुणांचं मला नवल वाटलं नाही. मी गोंधळले ती तिच्या भीतीनं.

ती अकरावीत आहे, वर्ध्याला कॉलेजात जाते. गाण्याचा तिला लहानपणापासून नाद. एके दिवशी तिनं गाणी ऐकणंच सोडलं. रात्री दिवा चालू ठेवून झोपायला लागली. वहिनीनं घाबरून घरातला स्पीकर कपाटावर टाकून दिला. मी विचारलं तर तिनं मोबाइल पुढे केला. "आत्या, हे पाह्य. एका डोळ्यावर हात ठेवला न तिनं, थे खूण हाये. आता हे पाह्य, बोटाचा त्रिकोण. आन् हे काया-पांढऱ्या चौकटीची फरशी." एकामागून एक गायिका, एकामागून एक गायक. केटी पेरीच्या 'डार्क हॉर्स'चा २०१४ सालचा व्हिडिओ, त्यात सगळा इजिप्तचा देखावा, पिरॅमिड, डोळा. कोणाच्या डोक्यावर शिंगं, कोणी सापासोबत. या सगळ्यांच्या मागे 'इल्युमिनाटी' नावाचा गुप्त पंथ आहे, गाणं ऐकणाऱ्याचं मन तो ताब्यात घेतो, असं तिला पक्कं वाटत होतं. "तू भजनातली हायेस, तुले समजन," ती म्हणाली.

मला काहीच समजत नव्हतं. एकही इंग्रजी गाणं मी त्याआधी पूर्ण ऐकलेलं नव्हतं. पण पोरीचा जीव असा टांगणीला लागलेला पाहून हातावर हात धरून बसवेना. तिला म्हटलं, आपण दोघी मिळून शोधू. तू इंग्रजी वाच, मी ऐकते.

इल्युमिनाटीचा शोध लवकर संपला. हा पंथ खरोखर होता. जर्मनीतल्या बव्हेरियात, इंगोलश्टाट गावी, अॅडम वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकानं तो १ मे १७७६ रोजी काढला. राजाची आणि चर्चची सत्ता माणसाच्या बुद्धीवर नको, असं मानणाऱ्या शिकलेल्या लोकांची ती गुप्त मंडळी होती. बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी १७८४-८५ मध्ये हुकूम काढून ती मोडली. त्यांच्या चिन्हात घुबड होतं, ग्रीक-रोमन विद्यादेवतेचं. त्रिकोणातला डोळा अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ साली आला आणि डॉलरच्या नोटेवर १९३५ पासून. ख्रिस्ती चित्रांमध्ये तो त्याच्याही आधीपासून ईश्वराची नजर म्हणून काढतात. जे-झी नावाचा गायक दोन्ही हातांनी जो त्रिकोण करतो, तो त्याच्या रॉक-अ-फेला कंपनीचा हिरा. गाण्यात दडवलेला आदेश ऐकणाऱ्याच्या मनाचा ताबा घेतो, या समजुतीवर तर अमेरिकेत रीनो शहरी खटलाही चालला होता. जुडास प्रीस्ट नावाच्या बँडवर दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचा ठपका त्यांच्या घरच्यांनी ठेवला होता, आणि १९९० साली न्यायाधीशानं बँडला दोषी धरलं नाही.

हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती गप्प ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "पण आत्या, कोन्याच गाण्यात खरी खूण नसते, असं थोडी हाये?"

हा प्रश्न बरोबर होता. मला त्याचं उत्तर देता येईना.

उत्तर पुण्याहून आलं. आमच्या नात्यातला एक मुलगा तिथं नोकरीला आहे, गिटार वाजवतो. भाचीनं त्याला फोन लावला. तो म्हणाला, खरी खूण पाहायची असेल तर 'द हू' या इंग्रज बँडचं १९७१ सालचं गाणं ऐका, नाव 'बाबा ओ'रायली'. आणि हे बाबा कोण, ते शोधा.

आम्ही ते कानाला एकेक तार लावून ऐकलं. सुरुवातीला कोणी गातच नाही. एक पेटीसारखा स्वर, लहान लहान तुकड्यांत, झरझर फिरत राहतो. तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, थोडा बदलून पुन्हा. मला त्यात सम सापडेना. मी मांडीवर बोटं वाजवत होते आणि प्रत्येक वेळी चुकल्यासारखं वाटत होतं. मग पियानोचे तीन जड ठोके पडले, ढोल आला, आणि सम आपोआप हाती लागली. मग माणूस गायला लागला, ओरडून. शब्द मला कळले नाहीत. भाचीनं वाचून सांगितलं, की शेतं आहेत, तरुण मुलं आहेत, उजाड झालेली जागा आहे. बाबांचं नाव कुठेही नाही. शेवटाला मात्र मी सावरून बसले. व्हायोलिन सुरू झालं आणि लय चढायला लागली. आणखी चढली. आणखी. आम्ही भजनात शेवटाला दुप्पट करतो, टाळकरी उठून उभे राहतात, अगदी तसं. आणि ऐन टोकाला गाणं थांबलं.

मी म्हटलं, हे परत लाव.

आता खुणेविषयी. हे गाणं लिहिणारा पीट टाउनशेंड हा 'द हू'चा गिटारवादक. त्यानं गाण्याच्या नावात दोन माणसं जोडली. एक अमेरिकन संगीतकार टेरी रायली, ज्याच्या संगीतात असेच छोटे तुकडे पुन्हा पुन्हा फिरतात. (हा रायली किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य. भीमसेनांच्या घराण्यात एक विलायती शिष्य! मला हे वाचून आतून बरं वाटलं.) दुसरे मेहेरबाबा. माणसाची सगळी माहिती यंत्रात घालावी आणि त्यातून त्या माणसाचं स्वतःचं संगीत निघावं, अशी टाउनशेंडची एक मोठी कल्पना होती. 'लाइफहाउस' नावाचा तो प्रकल्प १९७१ मध्ये मोडला, पण त्यातलं हे गाणं उरलं. सुरुवातीचा तो फिरता स्वर त्यानं लॉउरी कंपनीच्या ऑर्गनवर काढलेला आहे.

आणि मेहेरबाबा? भाची वाचत होती, मी ऐकत होते, आणि माझा गोंधळ दर ओळीला वाढत होता. कारण ती वाचत होती लंडनच्या गवयाचं चरित्र, आणि नावं येत होती आपली. मेरवान शेरियार इराणी, जन्म २५ फेब्रुवारी १८९४, पुणे. शिक्षण डेक्कन कॉलेजात. इराणी झरतुष्ट्री घरातला हा मुलगा पुण्याच्या कॅम्पात कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध फकीर बाईंपाशी जायला लागला, १९१३ साली. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांपाशी राहिला. त्याचे पाच सद्गुरू सांगतात: बाबाजान, उपासनी महाराज, शिर्डीचे साईबाबा, केडगावचे नारायण महाराज, आणि पाचवे नागपूरचे ताजुद्दीनबाबा.

मी तिला थांबवलं. "काय म्हनलं तू? कोन?"

"ताजुद्दीनबाबा. ताजबागवाले."

आमच्या भागात ताजबाग कोणाला माहीत नाही? १८६१ साली कामठीला जन्मलेले, वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेले, तिथून राजे रघुजीराव भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलेले ताजुद्दीनबाबा. हिंदू-मुसलमान दोघांचे. उमरेड रोडवरच्या त्यांच्या दर्ग्याला वर्ध्याहून माणसं नेमानं जातात. माझी आजी जायची, मीही तिच्यासोबत गेलेली आहे. तरुण मेरवान त्यांना १९१५ साली येऊन भेटला होता. १० जुलै १९२५ रोजी त्यानं मौन धरलं, आणि १७ ऑगस्टला ताजुद्दीनबाबा गेले. ते मौन मेहेरबाबांनी मरेपर्यंत, ३१ जानेवारी १९६९ पर्यंत, सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे. १९५४ मध्ये पाटीही सोडली आणि नुसत्या हाताच्या खुणा राहिल्या. जवळचे शिष्य त्या खुणा मोठ्यानं बोलून दाखवायचे.

हाताच्या खुणा! भाची आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो.

मौनाचं आम्हा वर्धेकरांना वावडं नाही. सेवाग्रामला बापू सोमवारी बोलत नसत, हे इथल्या प्रत्येक शाळेच्या सहलीत सांगतात. बापू आणि मेहेरबाबा १९३१ साली एकाच बोटीवर होते, 'राजपुताना' नावाच्या. गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले होते आणि बोटीवर ते मेहेरबाबांना भेटले.

आता टाउनशेंड या सगळ्यात कसा शिरला? १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेतली तरुण मुलं एलएसडीची नशा करत होती आणि त्यातून देव दिसतो म्हणत होती. मेहेरबाबांनी त्याला उघड विरोध केला. १९६६ साली त्यांच्या या विचारांची 'गॉड इन अ पिल?' नावाची पुस्तिका निघाली. गोळीत देव नाही, आणि ही गोळी शरीराला, मनाला, साधनेला सगळ्यालाच घातक आहे, असं त्यांचं म्हणणं. टाउनशेंडला त्यांच्याविषयी माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राकडून कळलं. बाबांना तो प्रत्यक्ष कधी भेटला नाही. पण त्यानं ती नशा सोडली, आणि १९६९ च्या मे महिन्यात 'टॉमी' नावाचा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. वेष्टनाचं चित्र मॅकिनर्नीचं. आणि आत, कलाकारांच्या नावांसोबत, सरळ छापलेलं: अवतार, मेहेरबाबा. बाबा त्याआधी काही महिने गेलेले होते.

दडवलेलं काहीच नव्हतं. पाकिटावर नाव छापून विकलं. पुढे १९७० साली 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात त्यानं आपल्या भक्तीवर मोठा लेख लिहिला. १९७२ च्या 'हू केम फर्स्ट' या अल्बमात त्यानं बाबांची 'परवरदिगार' ही प्रार्थना इंग्रजीत गायली. कव्वाली ऐकणाऱ्या नागपूरकराला हा शब्द काही परका नाही. १९७६ साली लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यानं बाबांच्या नावानं केंद्र उघडलं.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते 'टॉमी'च्या कथेनं. म्हणून तिच्यावर थोडं सविस्तर लिहिते.

टॉमी हा लहान मुलगा. घरात एक खून होतो, तो त्याच्यासमोर होतो, आणि आई-बाप त्याला बजावतात, की तू काही पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस, बोलायचं नाहीस. त्या दिवसापासून तो आंधळा, बहिरा, मुका होतो. नातेवाईक त्याचा छळ करतात. डॉक्टर, मांत्रिक, सगळे उपाय होतात. तो नुसता आरशात पाहत उभा राहतो. पिनबॉल नावाच्या यंत्रावर खेळताना मात्र त्याला कोणी हरवू शकत नाही. एके दिवशी आरसा फुटतो आणि तो बरा होतो. लोक म्हणतात, चमत्कार. ते त्याच्या मागे लागतात. तो गुरू होतो. मठ उभा राहतो, गर्दी वाढते, पैसा येतो. मग टॉमी भक्तांना सांगतो, मला जे दिसलं ते तुम्हाला हवं असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधा, कानात बोळे घाला, तोंडात बूच बसवा आणि पिनबॉल खेळा. आणि भक्त उठतात. आम्हाला हे नको, म्हणतात. मठ मोडून निघून जातात. गुरू एकटा उरतो.

हे एका भक्तानं लिहिलेलं आहे! ज्याच्या मनात स्वतःच्या गुरूबद्दल इतकी ओढ होती, त्यानंच गुरूबाजीवर इतकं कडक लिहिलं. १९७५ साली केन रसेलनं यावर सिनेमा काढला. भाचीनं तो मला लावून दाखवला. त्यात एक देऊळ आहे, आणि देवळात मूर्ती कोणाची, तर मर्लिन मन्रो या नटीची. आंधळे-पांगळे रांगेत उभे आहेत, पुजारी गिटार वाजवतो आहे (तो एरिक क्लॅप्टन), मूर्तीच्या पायाला हात लावला की बरं होईल म्हणून आई टॉमीला पुढे ढकलते, आणि मूर्ती कोसळून फुटते. पुढे टॉमीच्या पंथाची स्वतःची खूण येते, इंग्रजी टी अक्षराचा क्रूस आणि त्यावर पिनबॉलची गोळी. ती खूण विकायला ठेवलेली आहे. भक्त विकत घेत आहेत.

भाची ते दृश्य पाहत होती. तिनं पहिल्यांदा स्वतःहून सिनेमा थांबवला आणि म्हणाली, "आत्या, इथं खूण दाखवली हाये, पन थे खूण कशी विकतात, थे बी दाखवलं हाये." मी काही बोलले नाही. आमच्या दोघींत हे आधी तिलाच दिसलं होतं.

यानंतर आम्ही दोघींनी खुणांकडे वेगळ्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. बीटल्स या बँडच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बमचं वेष्टन घ्या. त्यावर माणसांची गर्दी आहे, आणि गर्दीत अॅलिस्टर क्रोली हा इंग्रज तांत्रिकही आहे. सैतानाची खूण शोधणारे लोक या एका चेहऱ्यावर बोट ठेवतात. पण त्याच गर्दीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनच्या सांगण्यावरून योगानंद, युक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजीही आहेत. आणि गांधीजीसुद्धा होते. भारतात लोक दुखावतील म्हणून रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांनी, सर जोसेफ लॉकवूड यांनी, त्यांना काढायला लावलं. सेवाग्रामच्या इतक्या जवळ राहून मला हे माहीत नव्हतं. खूण म्हणून कोण राहिलं आणि कोण वगळलं गेलं, यात धंद्याचा हिशेब किती असतो, हे त्या एका वेष्टनावरून कळतं. उलट बॉबी मॅकफेरिनचं 'डोन्ट वरी, बी हॅपी' घ्या. १९८८ साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, एकही वाद्य न वापरता, सगळे आवाज त्याच्या एकट्याच्या तोंडचे. ते शब्द मेहेरबाबांचे. मॅकफेरिनला ते एका भिंतीवरच्या बाबांच्या फोटोखाली दिसले. जगभर कोट्यवधी माणसांनी ते गाणं गुणगुणलं आणि कोणी कुठल्या पंथात गेलं नाही.

खरी दडवलेली खूण कशी असते, हे आमच्या विदर्भात फार आधी घडून गेलेलं आहे. महानुभाव पंथ. या पंथाचं रिद्धपूर इथून फार दूर नाही. चक्रधरस्वामींच्या आणि गोविंदप्रभूंच्या लीळा ज्यांनी लिहून ठेवल्या, मराठी गद्याचा पाया ज्यांनी घातला, त्याच लोकांना आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लपवावे लागले. शतकानुशतकं बाहेरच्याला ते वाचता येत नव्हते. न वाचता आल्यामुळे लोकांनी त्या पंथाबद्दल नाही नाही ते बोलून घेतलं. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि आत निघालं काय, तर भक्ती, आठवणी आणि साधी सुंदर मराठी. ही गोष्ट मी भाचीला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ त्या लिपीची चित्रं पाहत बसली होती. मला वाटतं, तिची भीती गेली ती इथं. सिनेमानं ती हलली होती, पण गेली इथं.

मेहेरबाबांची समाधी पाहायला मेहेराबादला मी एकटीच गेले. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस मनमाडवरून थेट नगरला जाते, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथून दौंडच्या रस्त्यानं थोडं पुढे अरणगाव, आणि रुळांपलीकडच्या टेकडीवर समाधी. मला मोठं देवस्थान असेल असं वाटलं होतं. खोली लहानशी. घुमटाच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांची चिन्हं. दारावर इंग्रजीत कोरलेलं, की सेवेतच स्वामित्व आहे. आत भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीनं १९३८ साली काढलेली चित्रं आहेत. अमेरिकन म्हातारा, आंध्रातलं कुटुंब, नगरच्या कॉलेजातली मुलं, सगळे एकामागून एक गुडघे टेकत होते. कोणी मला काही विकलं नाही. कोणी माझं नाव-गाव लिहून घेतलं नाही. एका बाईनं विचारलं, गाणार का काही? मी तुकडोजी महाराजांचं एक भजन म्हटलं, खंजिरीशिवाय. टाउनशेंडही १९७२ साली इथं येऊन गेला आहे.

आता माझी अडचणही सांगते, कारण ती न सांगता हा लेख पुरा होणार नाही. मेहेरबाबांनी १९५४ साली आपण अवतार आहोत असं जाहीर केलं. कोणी माणूस स्वतःला अवतार म्हणतो, तिथं माझं पाऊल अडतं. मी ज्या भागातली आहे, तिथं गाडगेबाबा होऊन गेले. त्यांनी कोणाला शिष्य केलं नाही, पायाला हात लावू दिला नाही, हातात झाडू घेतला आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत राहिले. अवताराचा दावा आणि गाडगेबाबांचा झाडू एका मनात कसे ठेवायचे, मला कळत नव्हतं. मग वाचनात आलं, की त्याच १९५४ साली, नोव्हेंबरात, पंढरपूरला गाडगेबाबांनीच मेहेरबाबांना बोलावलं होतं आणि कीर्तनाला जमलेल्या हजारो लोकांपुढे त्यांना बसवलं होतं. गाडगेबाबांना त्यांच्यात काय दिसलं असेल? मी यावर रात्री रात्री विचार केलेला आहे. ते कोडं मला सुटलेलं नाही, आणि सुटलं असं खोटं लिहिणार नाही. मेहेरबाबांना अवतार मानायला मी तयार नाही. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या माणसानं लिहिलेलं गाणं मात्र मी मनापासून मान्य करते.

भाचीनं आता स्पीकर कपाटावरून खाली काढला आहे. ती व्हिडिओ पाहते, त्यातल्या खुणाही पाहते, पण आता वहीत दोन रकाने आखते. एकात दिसलेली खूण, दुसऱ्यात ती कोणी ठेवली आणि त्यानं त्याबद्दल स्वतः काय सांगितलं. दुसरा रकाना बहुतेक वेळा भरतो, कारण हे गायक मुलाखतींत, लेखांत, वेष्टनावर आपली श्रद्धा, आपला धंदा, आपली हौस उघड बोललेले असतात. जिथं तो भरत नाही, तिथं ती जागा कोरी ठेवते. कोऱ्या जागेत सैतान लिहायचा नाही, एवढं आमचं ठरलेलं आहे.

आई-बापांना आणि शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या घरातलं लेकरू असं एखादं गाणं दाखवून घाबरलं, तर त्याच्यावर हसू नका आणि मोबाइलही हिसकावू नका. त्याच्याजवळ बसा, ते गाणं पूर्ण ऐका, कोणी लिहिलं ते त्यालाच शोधायला लावा. खरोखर धोक्याचा पंथ कसा ओळखायचा, हेही त्याच बैठकीत सांगा: जो पैसे मागतो, घरच्यांपासून तोडतो, प्रश्न विचारू देत नाही, औषध बंद करायला सांगतो, तो. असले बाबा व्हिडिओतल्या त्रिकोणात बसलेले नसतात, आपल्याच गल्लीत पाटी लावून बसलेले असतात, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.